बारमाही टायर

मेश्रामांची घरगाडी कर्वेनगरातल्या सोसायटीत पार्किंगच्या दोन जागा अडवून उभी राहिली, त्या आठवड्यात शर्मिलाला लिफ्टमध्ये, जिन्यात, दूध घेताना, कचरा खाली देताना जो तो एकच वाक्य ऐकवून गेला. नशीबवान आहात हो तुम्ही. तळमजल्यावरच्या कौशल्या आपट्यांनी मात्र तसं काही म्हटलं नाही. त्या म्हणाल्या, "आमच्या खिडकीतून पूर्वी आकाश दिसायचं. आता तुमचं दुसरं स्वयंपाकघर दिसतं. फोडणी जरा बेतानं घाला." त्या दिवसापासून शर्मिलाला आपटेबाई आवडायला लागल्या.

गाडी मूळची हिंजवडीच्या एका कंपनीतल्या माणसांची ने-आण करणारी टेम्पो ट्रॅव्हलर. आनंद जलसंपदा खात्यातून निवृत्त झाला आणि त्यानं ती जुनी गाडी घेऊन भोसरीच्या एका बॉडीवाल्याकडे सोडली. पावसाळा संपेपर्यंत तिच्यातल्या खुर्च्या निघाल्या आणि पलंग, शेगडी, बेसिन, टाकी, संडास असा सगळा संसार तिच्यात बसला. छपरावर सोलरच्या पाट्या आल्या. मागच्या दारावर आनंदनं निळ्या अक्षरांत नाव काढून घेतलं : चारिका. भगवान बुद्ध गावोगाव फिरत त्याला चारिका म्हणतात, हे तो पार्किंगमध्ये भेटेल त्याला समजावून सांगे. शर्मिला एकदा जवळच उभी होती. ती म्हणाली, "हो, आणि यशोधरा घरीच होती." सगळे हसले. आनंद सगळ्यांत जास्त हसला. पुढे तो हाच विनोद स्वतःच सांगायला लागला, त्यामुळे तिला तोही पुन्हा वापरता येईना.

आनंदची नोकरी धरणांची आणि धरणं काही गावात नसतात. नागपूरहून लग्न होऊन आली तेव्हापासून शर्मिला धरणांच्या कॉलन्यांमधून राहिली होती. पिवळ्या भिंतींची क्वार्टर्स, लांबलेला गॅस, शनिवारचा बाजार. एका जागी कढीपत्ता जरा हाताला येईल इतका वाढला की बदलीचा हुकूम यायचा. मग पुन्हा कपबशा रद्दीत गुंडाळायच्या, ट्रकमध्ये गादीवर गादी टाकायची, नव्या ठिकाणी शाळा शोधायची. दीक्षा, त्यांची एकुलती एक मुलगी, लहान असताना कुठलं गाव विचारलं की "आत्ताचं सांगू का?" असं म्हणायची. आनंदची शेवटची बदली पुण्यात झाली तेव्हा कुठे हा कर्वेनगरचा फ्लॅट, जो इतकी वर्षं कॉलेजच्या मुलांना भाड्यानं दिलेला होता, राहायला मिळाला.

त्या फ्लॅटमध्ये शर्मिलाला दुपार सापडली. आनंद ऑफिसला, दीक्षा लग्न होऊन वाकडला. जेवणाची भांडी आटपली की ती हॉलमधल्या खिडकीशी बसायची, समोरच्या स्टुलावर पाय टाकायचे, आणि काही करायचं नाही. वाचन नाही, विणकाम नाही, टीव्ही नाही. समोरच्या इमारतीतली बाई गॅलरीत वाळवण हलवायची ते बघायचं, कुणीतरी भांडत असलं तर ऐकायचं. कुणी विचारलं असतं की या वेळात काय करता, तर तिला सांगता आलं नसतं. पण कुणी विचारायला नव्हतं, हाच त्या दुपारचा अर्थ होता.

आनंद निवृत्त झाला त्या दिवसापासून दुपार संपली. तो वाईट माणूस नव्हता. भाजी आणायचा, चहाचा कप स्वतः विसळायचा, हात कधी उगारला नाही, आवाजही नाही. पण दर थोड्या वेळानं त्याला काहीतरी सांगायचं असायचं. "अगं, हे बघ." शर्मिला बघायची. निवृत्तीनंतर माणसाला छंद लागला की तो बाहेर राहतो, असं बाकीच्या बायका म्हणत. तिच्या नवऱ्याला असा छंद लागला होता ज्यात ती कायम आत राहणार होती.

बेत असा होता की डिसेंबरात निघायचं, शिमल्यावरून किन्नौर, तिथून स्पिती, आणि सगळा हिवाळा बर्फात काढून मार्च उलटल्यावर परत यायचं. मोबाईलवर कुठल्याशा गोऱ्या जोडप्याचा व्हिडिओ त्याला आवडला होता. बाहेर कमरेइतका बर्फ आणि आत ती दोघं कॉफी पितायत.

"मला यायचं नाही" हे तीन शब्दांचं वाक्य. शर्मिला ते मनातल्या मनात पुष्कळदा म्हणून बघायची, पण त्याच्यापुढे 'कारण' लागायचं आणि तिथे तिची गाडी अडायची. गुडघे दुखतात म्हणावं, तर रोज पहाटे ती टेकडी चढून यायची. नातवंड अजून नव्हतं. सासू-सासरे राहिले नव्हते. नोकरी कधी केलीच नव्हती, एका जागी तीन वर्षं काढली तर करणार ना. मला घरात एकटीनं बसायचंय, हे काही कारण म्हणून सांगता येत नाही. पुरुषानं म्हटलं तर त्याला शांतता म्हणतात, बाईनं म्हटलं तर मुलीला फोन करून "आईला काय झालंय" असं विचारतात.

म्हणून ती टायरांच्या मागे लागली.

ते असं झालं. स्वारगेटजवळ साईनाथ नावाच्या माणसाचं टायरचं दुकान होतं. आनंद तिला तिथे घेऊन गेला, कारण हल्ली तो तिला सगळीकडेच घेऊन जायचा. साईनाथनं दोन प्रकार सांगितले. एक खास बर्फाचे हिवाळी टायर, जे दिल्लीहून मागवावे लागतील. दुसरे ऑल सीझन. आनंदनं आयुष्यभर कालव्यांचे कागद मराठीत रंगवले होते, त्यानं लगेच नाव दिलं, "म्हणजे बारमाही." साईनाथ म्हणाला, बारमाही ऊन-पाऊस-चिखल सगळ्यात चालतात, थोडाफार बर्फही सोसतात, पण घट्ट गोठलेल्या रस्त्यावर त्यांचा भरवसा नको. तिथे हिवाळीच पाहिजेत.

शर्मिलाला त्या एका वाक्यात दार किलकिलं झालेलं दिसलं. बारमाही टायर बसवले की स्पिती नाही. स्पिती नाही म्हणजे हिवाळा नाही. फार तर कोकणात चार दिवस जाऊन यायचं.

"मला बारमाही बरे वाटतात," ती म्हणाली.

आनंदला आनंद झाला. बायकोला प्रथमच गाडीत रस वाटत होता. घरी आल्यावर तो तिला दोन्ही बाजू समजावून सांगायला लागला आणि ती वाद घालायला लागली. आपण आयुष्यात एकदाच बर्फात जाणार, त्यासाठी खास टायर कशाला? पुढे ते ठेवायचे कुठे? इथे पुण्यात वर्षातले किती दिवस बर्फ पडतो? आनंदचं म्हणणं, बारमाही म्हणजे धड ना इकडचं ना तिकडचं. सगळ्यात चालतं याचा अर्थ कशातच उत्तम चालत नाही. तो हे टायरांबद्दलच बोलत होता. तरी शर्मिलाला पोळी लाटता लाटता उगाच राग आला.

दीक्षा रविवारी यायची आणि हे ऐकून खूश व्हायची. "आई, यू आर सो इनव्हॉल्व्ह्ड! बाबा, बघा, मी म्हणत होते ना?" तिच्या ऑफिसातल्या मुलींना म्हणे हे फार आवडलं होतं. आई-बाबांच्या जोडीला त्या 'कपल गोल्स' म्हणायच्या. शर्मिलानं तिला स्वयंपाकघरात गाठून हळूच विचारून बघितलं, की समजा बाबा एकटेच गेले तर? दीक्षानं तिच्याकडे असं बघितलं की शर्मिलानं लगेच डाळीत मीठ आहे का विचारलं.

वाद महिनाभर तरी चालला असता. पण मध्ये एक शब्द आला.

शर्मिलाचे वडील नागपूरच्या गिरणीत होते. छप्पन साली, मिसरूड फुटायच्या वयात, ते बापाचं बोट न धरता धम्मदीक्षेला गेले होते आणि घरी येऊन त्यांनी कोनाड्यातले सगळे देव गाठोड्यात बांधले होते. त्यांच्या घरात मुहूर्त नव्हता, उपास नव्हता, मांजर आडवं गेलं तर वडील मुद्दाम त्याच वाटेनं जायचे. एवढं असून एक गोष्ट मात्र आईनं सोडली नाही आणि वडिलांनीही कधी सोडायला लावली नाही. घरातून बाहेर पडताना 'जाते' म्हणायचं नाही. 'येते' म्हणायचं. देव गेले, 'येते' राहिलं. आणि मागे राहणाऱ्यानं 'जा' म्हणायचं नाही, 'या' म्हणायचं. शर्मिला शाळेत निघाली तरी "येते", लग्न होऊन निघाली तरी "येते".

त्या रविवारी सकाळी ती विहारात वंदनेला निघाली होती. आनंद गॅलरीत साईनाथशी फोनवर बोलत होता. कुकरची शिट्टी होत होती. आनंदनं फोनवर हात ठेवून आतल्या दिशेला विचारलं, की डिसेंबरात स्पितीला जायचं ना, येतेस ना, मागवू ना हिवाळी? शर्मिलाला शिट्टीखेरीज काही ऐकू आलं नाही. तिनं गॅस बंद केला, चपला घातल्या, आणि दार ओढता ओढता रोजच्यासारखं म्हटलं, "बरं, येते मी."

वंदना आटपून परत येईपर्यंत कुटुंबाच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला होता. नागपूरच्या भावजयीनं टाळ्या पाठवल्या होत्या. आनंदनं लिहिलं होतं, 'प्रशासकीय मान्यता प्राप्त. टायर मागवले.'

"मी कधी मान्यता दिली?" तिनं दारातच विचारलं.

"दारातूनच म्हणालीस ना. येते मी."

"अहो, ते मी जाताना म्हणाले."

"तेच तर. जाताना."

"विहारात जाताना."

मग त्याच्या लक्षात आलं आणि तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. हसता हसता त्यानं दीक्षाला फोन लावला, जावयाला सांगितलं, खाली आपट्यांनाही सांगितलं. शर्मिला एक चप्पल पायात, एक हातात अशी उभी राहिली. एवढा चांगला विनोद झाल्यावर तिनं गंभीर होणं म्हणजे सगळ्यांच्या पानात माती कालवण्यासारखं होतं. आणि तसंही टायर मागवून झाले होते. ती म्हणाली, "घ्या हसून." त्यालाही होकारच समजलं गेलं.

पुढचे दिवस ती गाडीच्या मापानं जगली. कपाटात मावतील असे चौकोनी डबे. खिडक्यांना जाड पडदे. गादीची खोळ. आनंद तिला गाडीत उभी करून दाखवायचा, की एका जागी उभं राहून शेगडी, बेसिन, फ्रिज सगळं हाताशी येतं, पाऊलही हलवावं लागत नाही. खरंच होतं. एक पाऊलही हलवता येत नव्हतं. फ्लॅटमध्ये निदान तो दुसऱ्या खोलीत असायचा आणि तिथून हाक मारायचा. इथे हाक मारायचीही गरज नव्हती.

तिनं त्या गाडीत एकच गोष्ट मागून घेतली होती. मागच्या बाजूला खिडकीशी एक अरुंद बाक होता, त्याला पडदा लावून हवा होता. बॉडीवाल्यानं लावूनही दिला. तो पडदा ओढून ती एकदा पार्किंगमध्येच आत बसली होती. खिडकीतून आपटेबाईंची मोरी दिसत होती. चालेल, तिला वाटलं होतं. एवढं असेल तर एक हिवाळा निभेल. हिवाळा म्हणजे तरी काय, मार्चला संपतोच.

दिवाळीच्या आधी हिवाळी टायर आले. ऑक्टोबरचं ऊन स्वारगेटच्या चौकात मी म्हणत होतं. साईनाथनं दुकानापुढे टायरांची चळत लावली. प्रत्येकाच्या कडेला डोंगराचं चित्र आणि त्यात बर्फाची चांदणी. आनंदनं त्यावर हात फिरवला, शर्मिलालाही फिरवायला लावला. रबर मऊ होतं.

मऊ आहे हीच त्याची खुबी, साईनाथ म्हणाला. थंडीत ते कडक होत नाही, म्हणून रस्ता पकडून ठेवतं. पण याच कारणानं ते इथे बसवायचे नाहीत. पुण्यापासून शिमल्यापर्यंत तापलेल्या डांबरावर चालवले तर खोडरबरासारखे झिजून जातील. तेव्हा खाली दुसरे टायर घालून जायचं, हे बरोबर न्यायचे आणि वर पोचल्यावर बदलायचे.

"बरोबर कुठे ठेवायचे?" आनंदनं विचारलं.

छपरावर सोलर. खाली टाक्या. दुकानापुढे उभ्या गाडीभोवती तिघंही फिरले. मग आनंद आत गेला आणि त्यानं पट्टीनं मापं घेतली. बाहेर आला तेव्हा धरणाची गळती सापडल्यासारखा त्याचा चेहरा उजळला होता. मागचा बाक काढायचा. चळत तिथे फिट बसते. पडदा आहेच, वरून ओढून घेतला की टायर दिसणारही नाहीत.

"तुला काय, पुढे माझ्याशेजारी बसता येईल," तो म्हणाला. "गप्पा होतील."

शर्मिलानं टायरांकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. तिनं पर्स खांद्याला लावली.

"मी जाते," ती म्हणाली.

"येते म्हण गं," आनंद पट्टी गुंडाळत सवयीनं म्हणाला.

"येते म्हटलं की तुम्ही टायर मागवता. म्हणून जाते."

साईनाथ हसायला लागला आणि मग त्यानं हसणं थांबवून एक टायर उगाच सरळ केला. शर्मिला मागे न बघता बसस्टॉपकडे चालायला लागली. बस भरलेली होती. बायकांच्या जागेवर बसलेल्या तरुणाला तिनं नुसतं बघून उठवलं आणि खिडकीशी बसली. उन्हानं पत्रा तापला होता, कंडक्टर कुणाशी तरी सुट्ट्या पैशांवरून वाद घालत होता, आणि बस तिला जिथे न्यायची तिथेच नेणार होती. कर्वेनगर येईपर्यंत तिला एकदाही कुणी "अगं, हे बघ" म्हटलं नाही.

घरी येऊन तिनं आमटी-भात खाल्ला, उभ्यानंच. मग खिडकीशी बसून स्टुलावर पाय टाकले. समोरच्या बाईनं गॅलरीत नवीन दोरी बांधली होती. कधी बांधली कोण जाणे. दीक्षाचा फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. तिनं तो उशीखाली ठेवला. आज ती बोलली होती. आनंदला कळलं असेलच. तो रागावेल, दोन दिवस अबोला धरेल, मग कुणीतरी मित्र बघेल आणि निघेल. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. तिनं ते महिने मनातल्या मनात असे हातात घेऊन बघितले, जशी बाजारात भेंडी मोडून बघतात.

संध्याकाळी बेल वाजली. आनंद दारात उभा होता, कपाळावर काळा हात पुसल्याचा डाग, हातात गाडीची किल्ली. तो अजिबात रागावलेला नव्हता.

"तुझंच ऐकलं बघ," तो म्हणाला. "हिवाळी परत केले. साईनाथकडे लडाखला जाणारं एक गिऱ्हाईक होतंच, ते घेतंय. बारमाही बसवून आलो. पहिल्यापासून तू म्हणत होतीस, मीच ऐकत नव्हतो. बाक पण राहिला तुझा."

तो दारातच उत्साहानं सांगत राहिला. रस्ताभर विचार केला म्हणाला. हिवाळी घेऊन आपण एका ऋतूत अडकलो असतो. आता स्पिती गेली तर जाऊ दे. आता थंडीत राजस्थान, उन्हाळ्यात वर हिमाचल, पावसाळ्यात केरळ. परत यायची घाई नाही. मार्चची अट नाही. "बारमाही गं. आता कधीही निघू, कितीही दिवस राहू. हा फ्लॅट पुन्हा मुलांना भाड्यानं देता येईल, दीक्षा बघतेच आहे कुणीतरी. चल खाली, एक चक्कर मारू. येतेस ना?"

तिनं दाराच्या चौकटीला हात लावला. ती आतल्या बाजूला होती, तो बाहेरच्या. त्याच्या निवृत्तीनंतर प्रथमच असं झालं असेल, की निघणारा तो आणि राहणारी ती, आणि मध्ये उंबरा.

"या," ती म्हणाली.

आनंद चपला काढून आत आला. सोफ्यावर बसला. पाणी दे म्हणाला, मग जाऊ.

मग तिनं पाणी आणून दिलं, तो ते पिऊन होईपर्यंत थांबली, आणि रिकामा पेला हातात घेऊन सावकाश म्हणाली, "आत या नव्हतं म्हटलं. जाऊन या, असं म्हटलं. मी येणार नाही. आज नाही आणि राजस्थानला नाही. आणि हा फ्लॅट भाड्यानं द्यायचा नाही."

"का?" त्यानं विचारलं. खरंच न कळून विचारलं. "बरं नाही का तुला?"

"बरी आहे."

"मग कारण काय?"

"कारण नाही."

कारण नसलेली फाईल त्याच्या टेबलावर आयुष्यात कधी आली नसावी. त्यानं विचारलं की टायरांचं काही चुकलं का. ती नाही म्हणाली. बाकाला गादी जाड हवी का? नाही. दीक्षा काही बोलली का? नाही. त्याच्याजवळचे सगळे प्रश्न संपले तरी तो बसूनच होता, आणि शर्मिलाला कळलं की हा आता उठणार नाही. हा एकटा कुठेच जाणार नाही. तिच्याशिवाय कसं जायचं असं म्हणेल, आणि लोक तिला पुन्हा नशीबवान म्हणतील. गाडी खाली उभी राहील, आणि हा इथे, याच सोफ्यावर, बारा महिने.

तेवढ्यात खालून आपटेबाईंचा आवाज आला. त्या कधी ओरडत नसत, नुसतं स्पष्ट बोलत. "मेश्राम, तुमचा बंगला आमच्या दारात आलाय. आम्ही घरात शिरायचं कुठून ते सांगाल का?"

आनंद घाईनं उठला. गडबडीत त्यानं गाडी वाकडी लावली होती. किल्ली घेतली, चपलांत पाय घातले आणि दाराशी एकदा थांबला, जणू तिनं काहीतरी म्हणावं म्हणून.

"येतो," तो म्हणाला.

"या," शर्मिला म्हणाली, आणि लिफ्ट आल्याचा आवाज झाल्यावर तिनं दार लावून घेतलं.

गाडी सरळ करायला असा कितीसा वेळ लागतो. ती खिडकीशी जाऊन बसली. स्टूल पुढे ओढलं. खाली इंजिन सुरू झालं, आपटेबाई मागे-मागे-डावीकडे सांगायला लागल्या, आणि शर्मिलानं पाय वर घेतले.